एचआयव्हीचे इतके स्ट्रेन, मग अँटिबॉडी धरतात कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. नोव्हेंबर संपत आला की कॉलेजं, बचत गट आणि एमआयडीसीतले कारखाने १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनासाठी बोलावतात. भाषणानंतर हात कुणीच वर करत नाही, म्हणून दाराशी एक रिकामा डबा ठेवते. चिठ्ठ्या त्यात पडतात, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये. राहिलेले प्रश्न रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. अलीकडे "ती सगळ्या स्ट्रेनवर चालणारी अँटिबॉडी" याबद्दल बरेच जण विचारू लागलेत. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषधाचा निर्णय मात्र हे वाचून घेऊ नका. तो एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या) केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.

१. मॅडम, रिपोर्टमध्ये "अँटिबॉडी रिअ‍ॅक्टिव्ह" आलंय. अँटिबॉडी आहेत म्हणजे शरीर लढतंय ना? मग विषाणू मरत का नाही?

डब्यात सगळ्यात जास्त येणारी चिठ्ठी हीच. अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, ही रक्तातली इंग्रजी वाय अक्षरासारखी प्रथिनं. गोवर होऊन गेला, अँटिबॉडी झाल्या, आपण सुटलो, हा अनुभव घरोघरी आहे. त्यामुळे गोंधळ होणारच.

एचआयव्हीच्या टेस्टमध्ये दिसतात त्यातल्या बऱ्याचशा अँटिबॉडी विषाणूच्या मोडक्यातोडक्या भागांना चिकटणाऱ्या असतात. कधी विषाणूच्या अंगावरच्या काट्यासारख्या प्रथिनाचं गळून पडलेलं टोक, कधी मागे उरलेला खुंट, कधी विषाणूच्या पोटातलं प्रथिन. टेस्टचं काम तेवढ्यावर भागतं, कारण तिला संसर्ग झालाय का इतकंच शोधायचं असतं. धडधाकट विषाणूचा काटा पकडून त्याला पेशीत शिरू न देणाऱ्या अँटिबॉडी वेगळ्या. त्याही काही महिन्यांत तयार होतात, पण तोवर विषाणूने रूप बदललेलं असतं. आजच्या रक्तातल्या अँटिबॉडी काही महिन्यांपूर्वीच्या विषाणूला छान अडवतात, आजच्याला नाही. सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत मागच्या वर्षीच्या शर्टावरून माणूस शोधावा तसं हे आहे.

२. "न्यूट्रलाइझ करतात" म्हणजे नेमकं काय करतात?

शिरकाव रोखतात. एचआयव्हीच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिनं असतात. प्रत्येक काट्यात वर जीपी१२० आणि खाली जीपी४१, अशा तीन जोड्या मिळून एक काटा होतो. जीपी१२० आपल्या पांढऱ्या पेशीवरच्या सीडी४ या प्रथिनाला बिलगतं, मग त्याचा आकार बदलतो, मग ते शेजारच्या सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ या प्रथिनाला धरतं. त्यानंतर जीपी४१ चं टोक पेशीच्या आवरणात घुसतं आणि दोन्ही आवरणं एक होतात. या साखळीतली एखादी पायरी जिने बंद पाडली ती न्यूट्रलाइझ करणारी अँटिबॉडी. मराठीत "निष्प्रभ करणारी" म्हणतात.

विषाणूची जनुकं एकदा पेशीच्या डीएनएत शिरली की अँटिबॉडीचा हात तिथवर पोचत नाही. औषधं घेऊनही एचआयव्ही मुळापासून जात नाही, याचं कारण या लपून बसलेल्या पेशी आहेत.

३. एचआयव्ही एकच आहे ना? "स्ट्रेन" कशाला म्हणतात?

एकच नाही. स्ट्रेन म्हणजे विषाणूचा थोडा वेगळा झालेला वाण. एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ हे दोन मुख्य प्रकार. जगातली साथ मुख्यतः एचआयव्ही-१ च्या एम गटाची. त्या गटात ए, बी, सी, डी, एफ, जी, एच, जे, के, एल असे उपप्रकार आहेत, शिवाय त्यांची आपसातली मिश्रणं. भारतात बहुतांश सी, आणि जगातले जवळपास निम्मे संसर्गही सी चेच. अमेरिका-युरोपात बी जास्त. काट्याच्या प्रथिनात एकाच उपप्रकारातल्या दोन विषाणूंमध्ये १५ ते २० टक्के फरक असू शकतो, दोन वेगळ्या उपप्रकारांत २५ ते ३५ टक्के.

४. हा इतका बदलतो कसा? बाकीचे विषाणू का नाही बदलत?

बदलतात, पण या वेगाने नाही. एचआयव्हीची जनुकं आरएनएची, लांबी सुमारे ९,७०० अक्षरं. पेशीत शिरल्यावर त्यांची डीएनएत नक्कल करणारं एन्झाइम चुका तपासत नाही. साधारण दर तीन-चार नकलांमागे एखादी चूक राहते. उपचार सुरू नसलेल्या माणसात दिवसाला सुमारे १,००० कोटी नवे विषाणू तयार होतात. आता गुणाकार करून बघा.

आपल्या जेकार्डच्या चादरीत नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांत पक्की असते. पहिली चादर निघते त्याच कार्डांवरून शंभरावीही निघते, त्यामुळे एखादी बिघडली तरी पुढची बिघडत नाही. एचआयव्हीकडे असं बाजूला ठेवलेलं कार्ड नाही. आधीची चादर समोर ठेवून पुढची विणायची, आणि तिच्यात धागा चुकला तर तीच पुढे नमुना. बहुतेक चुकलेल्या चादरी टाकाऊ निघतात. पण अँटिबॉडीला ओळखू न येणारी एखादी निघाली की तिचीच पैदास होते. त्यात दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले तर त्यांच्या नक्ष्यांची सरमिसळ होते, ते वेगळंच.

५. मग काही अँटिबॉडी वेगवेगळ्या स्ट्रेनना कशा काय पकडतात?

विषाणूला बदलता येत नाही अशा जागी धरून. काट्याचे वरवरचे लोंबते फास (व्ही१ ते व्ही५ म्हणतात त्यांना) विषाणू बिनदिक्कत बदलतो, कारण त्यांच्यावाचून त्याचं अडत नाही. सीडी४ ला बिलगायची जागा मात्र कुठल्याही उपप्रकारात थोडीफार तशीच ठेवावी लागते, नाहीतर पेशीच मिळणार नाही. अशा जागा आता बऱ्याच ठाऊक झाल्या आहेत.

सर्वांत नावाजलेली म्हणजे हीच सीडी४ ची जागा. ती एका खळग्यात आहे आणि आजूबाजूला अडथळे आहेत. २०१० मध्ये जाहीर झालेली व्हीआरसी०१ ही अँटिबॉडी त्या खळग्यात जवळजवळ सीडी४ सारखीच तिरकी होऊन शिरते. विषाणूला वाटतं पेशी आली. मला स्वतःला या सगळ्या विषयात हा भाग सर्वांत आवडतो: जी नक्कल करून विषाणू जगतो, तशाच नकलेने तो फसतो.

दुसरी जागा काट्याच्या शेंड्यावर, जिथे तीन जोड्या एकत्र येतात. पीजी९ आणि पीजी१६ (२००९) तिथे बसतात. तिसरी व्ही३ फासाच्या बुडाशी, ३३२ क्रमांकाच्या साखरेभोवती (ही साखर कुठली, ते प्रश्न ६ मध्ये). पीजीटी१२१ आणि १०-१०७४ तिथल्या. चौथी जीपी४१ चा आवरणालगतचा पट्टा, जिथे १०ई८ धरते. पेशीत घुसणारं टोक आणि जीपी१२०-जीपी४१ चा सांधा याही जागा सापडल्या आहेत. या सगळ्यांना मिळून "ब्रॉडली न्यूट्रलायझिंग अँटिबॉडी" म्हणतात. खाली मी "व्यापक अँटिबॉडी" म्हणेन.

"बदलता येत नाही" हे शंभर टक्के खरं नाही. खळग्याच्या कडेला एखादी जादा साखर बसवून काही विषाणू व्हीआरसी०१ लाही चकवतात. त्याचा फटका कसा बसला ते प्रश्न १० मध्ये.

६. विषाणूवर साखरेचं कवच असतं म्हणतात. साखर कमी खाल्ली तर उपयोग होईल का?

नाही. ही चहातली साखर नव्हे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांचा तर काहीच दोष नाही! पेशीत प्रथिनं तयार होताना त्यांना साखरेच्या रेणूंच्या फांद्या जोडल्या जातात. एचआयव्हीची प्रथिनं आपल्याच पेशीत तयार होतात, त्यामुळे त्यांनाही आपल्याच साखरा लागतात. जीपी१२० चं जवळपास निम्मं वजन या साखरांचं असतं. शरीर स्वतःच्या साखरेवर सहसा हल्ला करत नाही, आणि विषाणूला फुकटात बुरखा मिळतो.

काही व्यापक अँटिबॉडींनी हा बुरखाच पकडीसाठी वापरला. पीजीटी१२८ दोन साखरांना धरून खालच्या प्रथिनापर्यंत पोचते. २जी१२ चे दोन हात एकमेकांत अडकलेले असतात आणि ती फक्त साखरांच्या झुबक्याला पकडते. अशी रचना अँटिबॉडीत क्वचितच दिसते.

आणखी एक अडचण: फ्लूच्या विषाणूवर शेकड्यांनी काटे असतात, एचआयव्हीवर सरासरी १४ च्या आसपास. तेही दूर दूर. त्यामुळे अँटिबॉडीला दोन हातांनी दोन काटे पकडणं जमत नाही. एका हाताची पकड लवकर सुटते.

७. मला एचआयव्ही होऊन आठ वर्षं झाली. माझ्यात अशी अँटिबॉडी असेल का?

असू शकते. उपचाराविना काही वर्षं संसर्ग राहिलेल्यांपैकी साधारण १० ते २५ टक्के लोकांत बऱ्यापैकी व्यापकता दिसते, आणि १ टक्क्याच्या आसपास लोकांत ती फारच जोरदार असते. नेहमीच्या टेस्टमध्ये मात्र ती कळत नाही.

आणि एक नीट ऐका. ज्यांच्या रक्तातून या अँटिबॉडी मिळाल्या, त्यांना स्वतःला त्यांचा फारसा फायदा झालेला नाही. अंगातला विषाणू त्यांना चुकवून पुढे गेलेला होता. तेव्हा "माझ्यात असेल" या भरवशावर एकही गोळी चुकवायची नाही.

८. औषधाविना ज्यांचा विषाणू दबलेला राहतो, ते या अँटिबॉडीमुळेच ना?

सहसा नाही. अशा लोकांना एलिट कंट्रोलर म्हणतात, आणि त्यांच्यात बहुतेक वेळा टी-पेशी (संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) काम करत असतात. विषाणू फार थोडा असल्याने अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींना सरावाला मालच मिळत नाही, म्हणून व्यापक अँटिबॉडी त्यांच्यात उलट कमी सापडतात.

९. ती अँटिबॉडी तयार व्हायला इतकी वर्षं का लागतात?

बी-पेशी लिम्फच्या गाठींमध्ये स्वतःच्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम बदल करत राहतात, आणि ज्या बदलाने पकड घट्ट होते तो टिकतो. एरवी हे बदल थोडे असतात. व्हीआरसी०१ च्या जनुकात ते सुमारे ३० टक्के आहेत! ही काही एका फेरीची कमाई नाही. विषाणू बदलतो, अँटिबॉडी त्याच्या मागे, पुन्हा विषाणू पुढे. आफ्रिकेतल्या एका व्यक्तीच्या रक्ताचे नमुने संसर्गाच्या पहिल्या आठवड्यांपासून ठेवलेले होते. त्यांतून ही पाठशिवणी पायरी पायरीने उलगडली आणि २०१३ मध्ये छापून आली.

दुसरं कारण शरीराची सावधगिरी. काही व्यापक अँटिबॉडींचा हात फार लांब असतो, काही स्वतःच्या पेशींच्या आवरणालाही थोड्या चिकटतात. अशा बी-पेशींना शरीर लहानपणीच बाद करतं. लहान बाळांत मात्र व्यापकता कधी कधी वर्षाच्या आत दिसते.

१०. "९० टक्के स्ट्रेनवर चालते" म्हणतात, मग मोठ्या चाचणीत फेल का गेली?

आधी ९० टक्के कसे मोजतात ते. जगभरातल्या विषाणूंचे काटे घेऊन प्रयोगशाळेत खोटे विषाणू बनवतात. ते पेशीत एकदाच शिरतात, पुढे वाढत नाहीत, आणि शिरले की पेशी उजळते. अँटिबॉडी घातल्यावर उजेड किती घटला ते मोजायचं. व्हीआरसी०१ ने १९० पैकी ९१ टक्के विषाणू अडवले, पण त्या मोजणीत मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅमपर्यंतची भरपूर मात्रा चालत होती. १ मायक्रोग्रॅमच्या आत निम्मा उजेड घटायला हवा म्हटलं की आकडा ७२ वर आला. बातम्यांत ९१ छापून येतो.

मग आली एएमपी चाचणी. अमेरिका खंड, स्वित्झर्लंड आणि आफ्रिका मिळून ४,६२३ निरोगी लोक, दर ८ आठवड्यांनी शिरेतून व्हीआरसी०१. निकाल २०२१ मध्ये आला: एकूण संसर्गांत ठोस घट नाही. पण विषाणूंचे दोन ढीग केल्यावर चित्र वेगळं दिसलं. ज्यांना थोड्याशा मात्रेत, १ मायक्रोग्रॅमच्या आत, ८० टक्के अडवता येतं, त्यांच्याविरुद्ध संरक्षण सुमारे ७५ टक्के होतं. अडचण एवढीच की फिरत्या विषाणूंपैकी असे ३० टक्केच होते.

मी याला फेल म्हणत नाही. अँटिबॉडी माणसात एचआयव्ही रोखू शकते आणि त्यासाठी किती ताकद लागते, दोन्ही गोष्टी याच चाचणीने दाखवल्या.

११. एक पुरत नाही तर दोन-तीन मिसळून देता येत नाहीत का?

तेच चाललंय. एका जागेवरून सुटलेला विषाणू दुसऱ्या जागी सापडावा, हा हेतू. एआरटीत तीन औषधं एकत्र देतात त्यामागेही हाच विचार आहे. २०१८ मध्ये ३बीएनसी११७ आणि १०-१०७४ ही जोडी, देखरेखीखाली गोळ्या थांबवलेल्या ९ जणांना दिली. त्यांचे विषाणू या जोडीला दाद देणारे होते, आणि निम्म्या लोकांत ते २१ आठवडे किंवा जास्त दबून राहिले. बोट्स्वानात जन्मापासून संसर्ग असलेल्या २५ मुलांपैकी ११ जणांत फक्त अँटिबॉडीवर २४ आठवडे विषाणू दबलेला राहिला. हे घरी करून बघायचे प्रयोग नाहीत.

अँटिबॉडीच्या शेपटीत दोन अक्षरं बदलली की ती रक्तात जास्त टिकते. व्हीआरसी०१ चं अर्धायुष्य त्यामुळे सुमारे १५ दिवसांवरून ७० च्या आसपास गेलं. नावापुढे "एलएस" दिसलं तर हाच बदल समजा.

१२. परदेशात शोधलेल्या अँटिबॉडी आपल्याकडच्या सी प्रकारावर चालतात का?

चांगला प्रश्न, आणि उत्तर जागेनुसार बदलतं. २जी१२ ला लागणारी एक साखर सी मध्ये बहुतेकदा नसते, म्हणून ती इथे जवळपास निकामी. जुनी २एफ५ ही सी वर लंगडी पडते, कारण तिच्या पकडीतलं एक अक्षर बदललेलं आहे. सीडी४ च्या जागेवरच्या नव्या अँटिबॉडी सी वरही चांगल्या चालतात. थायलंडकडच्या एई मिश्रणात ३३२ ची साखर ३३४ वर सरकलेली असते, तिथे १०-१०७४ हात टेकते.

भारतात यावर काम झालेलं आहे. दिल्लीच्या एम्समध्ये सी प्रकारचा संसर्ग असलेल्या एका मुलाच्या रक्तातून एम्स-पी०१ ही व्यापक अँटिबॉडी वेगळी केली गेली. आणि आपल्यापासून चार-पाच तासांवर, भोसरीच्या एड्स संशोधन संस्थेत, देशातली पहिली एचआयव्ही लस चाचणी २००५ मध्ये झाली होती. त्या लशीचा प्रतिसाद बेताचा निघाला.

१३. नवरा-बायको दोघंही पॉझिटिव्ह. दोघांच्याही अंगात अँटिबॉडी आहेत, मग काळजी कसली?

एकाच्या अँटिबॉडी दुसऱ्याच्या स्ट्रेनला अडवतीलच असं नाही (प्रश्न १). पहिल्या संसर्गावर दुसरा स्ट्रेन चढल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, आणि तो औषधाला न जुमानणारा असला तर उपचार अवघड होतात. मात्र गोळ्या नियमित असतील आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडण्याइतकाही नसेल, तर लैंगिक संबंधातून विषाणू पुढे जात नाही. तेव्हा आधी दोघांचे व्हायरल लोडचे रिपोर्ट बघा.

१४. बाळ नऊ महिन्यांचं आहे, अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली. संपलं का सगळं?

नाही! आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळात उतरतात आणि १८ महिन्यांपर्यंत रक्तात राहू शकतात. या वयात अँटिबॉडी दिसणं म्हणजे बाळाला संसर्ग, असं नव्हे. त्यासाठी विषाणूची जनुकं शोधणारी पीसीआर तपासणी असते, ती सहाव्या आठवड्यापासून करतात. अंतिम अँटिबॉडी टेस्ट १८ महिन्यांनी. तोवर केंद्राने दिलेली औषधं आणि तारखा चुकवू नका.

१५. लस कधी येणार?

तारीख मी सांगत नाही. थायलंडच्या आरव्ही१४४ चाचणीत (निकाल २००९) संरक्षण ३१ टक्के दिसलं, तेही व्यापक अँटिबॉडीमुळे नव्हे. त्यानंतरच्या मोठ्या चाचण्या एकामागून एक थांबल्या.

आताचा मार्ग वेगळा आहे. व्हीआरसी०१ सारखी अँटिबॉडी बनवू शकणाऱ्या कोऱ्या बी-पेशी लाखोंत एखादी असतात. पहिल्या डोसने त्यांनाच जागं करायचं, पुढच्या वेगवेगळ्या डोसांनी प्रश्न ९ मधल्या पायऱ्या चढवायच्या. आयएव्हीआय जी००१ चाचणीत (२०२२) लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांत त्या पेशी जाग्या झाल्या. ही पहिली पायरी. पुढच्या पायऱ्यांवर एमआरएनए लस वापरून चाचण्या झाल्या, त्यात काहींच्या अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या, तोही तिढा सोडवायचा आहे.

जाता जाता: लशीच्या चाचणीत भाग घेतलेल्या माणसाची अँटिबॉडी टेस्ट संसर्ग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी पीसीआर करून खात्री करतात.

१६. वर्षातून दोनदा घ्यायचं ते इंजेक्शन हीच अँटिबॉडी का? सोलापुरात मिळेल?

ते लेनाकापाव्हिर. ती अँटिबॉडी नाही, विषाणूच्या आतल्या कवचाला बिघडवणारं औषध आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या आफ्रिकेतल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही.

व्यापक अँटिबॉडी अजून चाचण्यांतच आहेत, इथे किंवा कुठेही दुकानात मिळत नाहीत. कुणी "अँटिबॉडीचं इंजेक्शन" म्हणून पैसे मागत असेल तर उठून या. सिव्हिलमध्ये तपासणी आणि एआरटी मोफत आहे. १०९७ हा हेल्पलाइन नंबरही मोफत. नुकताच धोका झाला असेल तर ७२ तासांच्या आत पोचा, तेव्हाच पीईपीच्या (धोक्यानंतर संसर्ग टाळायच्या) गोळ्यांचा उपयोग होतो. आणि तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती उघड करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. कारखान्यातल्या मुकादमाला ती सांगण्याची सक्ती कुणी करू शकत नाही.

१७. "गाईच्या शरीरात एचआयव्हीवरचा इलाज सापडला" असं फॉरवर्ड आलंय. खरं का?

अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं फिरतं. २०१७ मध्ये अमेरिकेत चार वासरांना एचआयव्हीच्या काट्याची लस टोचली. माणसाला वर्षं लागतात ते त्यांना काही आठवड्यांत जमलं. एकीच्या रक्ताने ४२ दिवसांत २० टक्के स्ट्रेन अडवले आणि ३८१ दिवसांत ९६ टक्के. कारण गाईच्या काही अँटिबॉडींचा हात मुळातच फार लांब असतो, तो साखरेच्या बुरख्यातून खळग्यापर्यंत सहज जातो.

पण या गाईंना एचआयव्ही होत नाही, लस मुद्दाम टोचावी लागली, आणि त्या अँटिबॉडी रक्तातून काढून प्रयोगशाळेत तपासल्या. गोठ्यातल्या गाईत त्या नसतात. दूध किंवा गोमूत्र पिऊन मिळतील म्हणावं, तर अँटिबॉडी हे प्रथिन आहे, पोटात गेलं की शेंगदाण्याच्या चटणीसारखं पचून जातं.